पेटीसोबत आलेला हवालदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात एखाद्या जवानाच्या अंत्यसंस्काराची बातमी आली की मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. पालकमंत्री, आमदार, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तहसीलदार, सगळ्यांची नावं त्यात असतात. किती जनसमुदाय लोटला, कोणकोणत्या गावांनी कडकडीत बंद पाळला, हेही असतं. पण त्या शवपेटीसोबत काश्मीरमधून किंवा अरुणाचलमधून थेट गावापर्यंत आलेला, गेलेल्या जवानाच्याच तुकडीतला जो सैनिक असतो, त्याच्याबद्दल एक ओळ नसते. फोटोत तो असतो, पण कडेला, अर्धा कापलेला. या पत्रातून मला त्याचे आभार मानायचे आहेत.

मी खटाव तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागतं. १९७१ च्या युद्धाच्या वेळी मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या आळीतल्या एका काकींचे मालक त्या डिसेंबरमध्ये गेले. तार आली. पुढे काही दिवसांनी एक काळी पत्र्याची ट्रंक आली. बस्स, एवढंच. तेव्हा रणांगणाजवळच अंत्यसंस्कार व्हायचे, पार्थिव गावी आणण्याची सोय नव्हती आणि पद्धतही नव्हती. काकींनी बरीच वर्षं कुंकू पुसलं नाही. कुणी बोललंच तर म्हणायच्या, "मी बघितलंय का?" रात्री मुक्कामाची एसटी आली की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांना वेड लागलंय असं लोक म्हणत. मला तसं तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ज्या माणसाचं तोंड शेवटचं पाहिलं नाही, ज्याच्या चितेची राख सावडली नाही, त्याचं जाणं बाईनं कुणाच्या शब्दावर मान्य करायचं? तारेतल्या चार शब्दांवर?

१९९९ च्या कारगिल युद्धापासून हे बदललं. जवानांची पार्थिवं विमानाने, हेलिकॉप्टरने, लष्करी गाडीने थेट घरापर्यंत येऊ लागली. आमच्या जिल्ह्यातला जवान असेल तर बहुधा पुण्याला लोहगाव विमानतळावर पेटी उतरते, तिथे पुष्पचक्र वाहिलं जातं आणि मग रस्त्याने गावी येते. हे सगळं आता आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की यामागे कुणाचे तरी हात आणि कुणाचं तरी जागरण असतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी नियंत्रण रेषेवर कामी आला. मराठा लाइट इन्फंट्रीत होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्याच्या आईला ते आवडणार नाही. पेटीसोबत त्याच्याच कंपनीतला एक हवालदार आला होता. बेळगावकडचा, तिशीच्या पुढचा. गाडी गावच्या कमानीत थांबली तेव्हा आधी तो उतरला. टोपी नीट केली, पेटीवरचा तिरंगा वाऱ्याने एका कोपऱ्यावर सरकला होता तो हाताने सारखा केला, आणि मगच लोकांना पुढे येऊ दिलं. ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला असावा लागतो, ध्वज चितेसोबत जळता कामा नये, जमिनीला टेकता कामा नये, हे ध्वजसंहितेतले नियम मी शाळेत पंधरा ऑगस्टच्या आधी मुलांना सांगायची. ते नियम एखाद्या माणसाच्या बोटांत कसे असतात, ते मी त्या दिवशी पाहिलं. अग्नी देण्याआधी चौघांनी तो ध्वज उचलला, घडी घातली, आणि त्या हवालदाराने दोन्ही हातांनी तो माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीला दिला. देताना तो गुडघ्यावर बसला, कारण ती जमिनीवर बसली होती. असं बस म्हणून त्याला कुठल्या नियमाने सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

शाळेच्या मैदानावर मानवंदना झाली. "शोक शस्त्र" असा हुकूम आला तशी जवानांनी रायफली उलट्या केल्या, नळी बुटाशी, दोन्ही पंजे दस्त्यावर, माना खाली. तीन फैरी झडल्या. मग बिगुलावर शोकधून सुरू झाली.

ती कुणालाही ऐकू आली नाही. गर्दीतून "अमर रहे" च्या घोषणा चालूच होत्या, भिंतीवर चढलेली पोरं मोबाईल उंचावून एकमेकांना हाका मारत होती, आणि बिगुल वाजवणारा तो कोवळा पोरगा गाल फुगवून शेवटच्या सुरापर्यंत वाजवत राहिला. मी वीस पावलांवर होते आणि मला तुटक तुटक सूर आले. घोषणा देणारे माझेच विद्यार्थी होते, त्यांचं मन मी जाणते, त्यांचा राग आणि प्रेम खरं होतं. तरीही मला हे लिहावंसं वाटतं, की ज्या क्षणी गप्प राहायचं होतं त्या क्षणी आम्ही ओरडत होतो. एका वाहिनीच्या प्रतिनिधीने तर पत्नीच्या तोंडासमोर माइक धरून "तुम्हाला आत्ता काय वाटतंय" असं विचारलं. तेव्हा त्या हवालदाराने मध्ये हात घातला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, वहिनींना बसू द्या." एवढंच. आवाज चढवला नाही.

नंतर माझ्या विद्यार्थ्याच्या आईने मला विचारलं, "बाई, ते पितळी काय वाजवत होतं ओ पोरगं?" मला सांगता येईना. हवालदाराने ते ऐकलं होतं. रात्री सोप्यात चारच माणसं उरली तेव्हा त्याने आपल्या मोबाईलवर ती धून शोधून लावली आणि फोन आईच्या हातात दिला. म्हणाला, "आई, फौजेत दिवस संपला की ही वाजवत्यात. ड्युटी संपली, आता निवांत झोप, असं सांगायचं असतंय." आईने ती परत लावायला सांगितली.

तो राख सावडेपर्यंत थांबला. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, शेजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येते. त्याच्यासाठी वेगळं ताट आणलं तर तो घरच्या पुरुषांच्या पंगतीतच बसला. सावडून आल्यावर दुपारी त्याने ट्रंक उघडली. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि आर्मी नंबर. मला एकदम काकींची ट्रंक आठवली. त्यांच्या घरी ती पोस्टातल्या पार्सलासारखी आली होती, बंद. इथे मात्र एक माणूस समोर बसला होता आणि त्याच्या हातात वस्तूंची यादी होती. जवान गेला की पलटणीत अधिकारी बसून त्याच्या एकूण एक वस्तूची नोंद करतात, हे मला तेव्हा कळलं. पोलीस पाटील आणि मी साक्षीला बसलो. तो यादीतली एक ओळ वाचायचा, ती वस्तू काढायचा, आईच्या हातात द्यायचा, ती तिने खाली ठेवेपर्यंत थांबायचा, मग पुढची ओळ. बनियन, चार. दाढीचं सामान. मनगटी घड्याळ, एक. मोबाईलचा चार्जर. हनुमान चालिसा. लोकरी मोजे, एक जोड नवा. पासबुक. काचेची बरणी, एक, रिकामी.

बरणी पाहून आईला काही उमगेना. ती म्हणाली, "ही रिकामी कशाला आणली एवढ्या लांबनं?" हवालदार म्हणाला, "आई, तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीची हाय. तो सुट्टीवरनं आला की आम्ही सगळं सेक्शन मिळून आठ दिवसांत फस्त करायचो. शेवटची बी आम्हीच संपवली. पण बरणी त्याची होती. यादीतलं काय चुकवायचं नाही." बरणी स्वच्छ धुतलेली होती, झाकणाला कागद लावून घट्ट बसवलेली. तोवर त्या माउलीच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, सगळे त्याचीच काळजी करत होते. त्या बरणीवर ती रडली.

हा त्या एका माणसाचा चांगुलपणा, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. चांगुलपणा तर होताच. पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तसं दिसत गेलं की सैन्याची ही रीतच आहे आणि ती फार चिवट आहे. २९ मे १९८४ रोजी सियाचिनवर ऑपरेशन मेघदूतमध्ये १९ कुमाऊं पलटणीची एक तुकडी हिमस्खलनात सापडली. त्यातल्या लान्स नाईक चंद्रशेखर हरबोला यांचं पार्थिव तेव्हा मिळालं नाही. ते ऑगस्ट २०२२ मध्ये एका जुन्या बंकरपाशी सापडलं, तब्बल ३८ वर्षांनी. सोबत लष्करी क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला होता, त्यावरून ओळख पटली. उत्तराखंडात हल्द्वानीला त्यांच्या घरी ते नेण्यात आलं आणि पूर्ण लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्यांच्याबरोबर भरती झालेले लोक केव्हाच निवृत्त झालेले. ज्या जवानांनी त्यांना खांद्यावर घेतलं, त्यांतल्या बहुतेकांचा जन्मही १९८४ नंतरचा असेल.

त्याहून जुनी गोष्ट ७ फेब्रुवारी १९६८ ची. चंडीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांग परिसरात बेपत्ता झालं. अवशेषांचा पहिला माग लागला तो २००३ साली, गिर्यारोहकांना. त्यानंतर लष्कराच्या शोधमोहिमा पुन्हा पुन्हा गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यूच्या पथकाने आणखी चौघांचे मृतदेह त्या बर्फातून बाहेर काढले. काहींची ओळख जवळच्या कागदपत्रांवरून पटली. ५६ वर्षं झाली होती. आई-वडील गेलेले, काहींच्या बायकाही गेलेल्या. पुतण्यांनी आणि नातवंडांनी पेट्या उतरवून घेतल्या. कुणी म्हणेल, एवढा खर्च, एवढा धोका, आणि हाताला काय लागलं तर हाडं. माझ्या डोळ्यांसमोर मुक्कामाच्या एसटीकडे बघणाऱ्या काकी येतात आणि मला असं विचारवत नाही.

शत्रूच्या मृतांशीही आपले जवान कसे वागले, हे मुलांना मुद्दाम सांगावं. कारगिलमध्ये पाकिस्तानने सुरुवातीला आपली माणसं आपली म्हणायलाच नकार दिला. तेव्हा शिखरांवर सापडलेल्या त्यांच्या सैनिकांना आपल्या जवानांनी त्यांच्या धर्माच्या रीतीप्रमाणे दफन केलं. टायगर हिलवर कॅप्टन कर्नल शेर खान (यातलं कर्नल हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे) लढता लढता पडला. आपले ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी त्याचा मृतदेह परत पाठवताना खिशात चिठ्ठी ठेवली की हा अधिकारी फार शौर्याने लढला, याची कदर व्हावी. पुढे त्याला पाकिस्तानचा सर्वोच्च लष्करी सन्मान, निशान-ए-हैदर मिळाला. ज्याच्याशी लढताना आपले सोबती गेले, त्याच्यासाठी असं लिहायला छाती लागते. आमच्याच जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. वैर मेल्यावर संपतं, ही शिकवण या मातीला नवी नाही, आणि ती सैन्यात अजून जिवंत आहे याचा मला अभिमान वाटतो.

आणि ज्यांचा देह सापडलाच नाही त्यांचं काय? माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले, तेव्हा हा एकटा त्या चौकीवर धावून गेला, ती घेतली आणि तिथेच गोळी लागून पडला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांची समाधी नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे. पण २०२३ च्या जुलैमध्ये त्या टायबर खोऱ्यातल्याच मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं, भारतीय सैन्याच्या आणि तिथल्या लोकांच्या पुढाकाराने. जवळजवळ ऐंशी वर्षांनी. आमच्याकडे अपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची आठवण दगडात कोरलेली आहे. मी शाळेची सहल तिथे न्यायची. मुलांना किल्ला बघायचा असायचा, कुरकुर करायची. तिथे पोचल्यावर मात्र गप्प होत.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात मी त्या आईसोबत गेले होते. २५ फेब्रुवारी २०१९ ला त्याचं लोकार्पण झालं. त्यातल्या त्यागचक्राच्या भिंतींत ग्रॅनाइटच्या पाट्या आहेत, एकेका जवानासाठी एकेक, पंचवीस हजारांहून जास्त. त्यावर हुद्दा, नाव, पलटण. जनरल आणि शिपाई सारख्याच मापाच्या पाटीवर. तिथे रोज संध्याकाळी हुतात्म्याच्या घरच्या कुणाच्या तरी हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. आमची ही माउली आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून दिल्लीला आलेली, नऊवारी नेसलेली. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिथल्या एका जवानाने तिला पाटीपर्यंत नेलं, आपलं बोट अक्षराखाली धरून तिला नाव वाचून दाखवलं, आडनावासकट, सावकाश. ती म्हणाली, "उंचीवर लावलंय, बरं केलं. पाय लागायचा नाही."

पलटण तिला विसरलेली नाही. दर वर्षी ४ फेब्रुवारीला, सिंहगड घेतल्याच्या दिवशी, मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटल दिवस असतो, तेव्हा फोन येतो. दिवाळीला त्या हवालदाराचा येतो. वर्षश्राद्धाला तो रजा काढून बेळगावहून आला होता, येताना त्याच्या आईने दिलेल्या चटणीचा डबा घेऊन. गावातल्या आम्हा लोकांचं मात्र काय? पहिल्या महिन्यात रीघ होती. स्मारक बांधू, चौकाला नाव देऊ, मुलीच्या शिक्षणाचं बघू, अशी आश्वासनं माइकवरून दिली गेली. पुढे पेन्शनच्या कागदासाठी एका कार्यालयात त्या विधवेला चार-चार वेळा "साहेब नाहीत" म्हणून परत पाठवलं. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातला एक माजी सैनिक तिच्यासोबत जाऊन बसला, तेव्हा काम झालं. पुन्हा फौजेतलाच माणूस.

पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात लढताना गेले, तेव्हा सारा जिल्हा लोटला होता. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी पुढे खडतर प्रशिक्षण घेतलं आणि २०१७ साली त्या स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार. पण प्रत्येक वीरपत्नीने एवढं मोठं काही करून दाखवावं, मगच आपण तिची आठवण ठेवू, असं होऊ नये. बहुतेक जणी शेळ्या राखतात, मुलांना शाळेत सोडतात, बँकेच्या रांगेत उभ्या असतात.

संपादक महोदय, आपल्याकडे काही मागणी करते. अंत्यसंस्काराच्या बातमीत पेटीसोबत आलेल्या जवानाचा, नाव देता येत नसेल तर निदान हुद्द्याचा आणि पलटणीचा उल्लेख करावा. रडणाऱ्या पत्नीचा आणि लेकरांचा जवळून घेतलेला फोटो छापू नये. बिगुल सुरू झाला की घोषणा थांबवायच्या असतात, हे आपण ठळक चौकटीत छापलंत तर ग्रामपंचायती ते फळ्यावर लावतील. आमच्या गावात मी लावून घेतलं आहे. नेत्यांच्या फोटोंचे फलक त्या दिवशी मैदानात नकोत, हा ठराव आमच्या ग्रामसभेत मंजूर झाला, इतर गावांनीही करावा. आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन जवळ आला की त्याची बातमी आतल्या पानात दोन ओळींत न देता पहिल्या पानावर द्यावी. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो, त्या निधीतून अशाच घरांना आधार मिळतो, आणि शाळांतल्या मुलांच्या छातीवर लागणाऱ्या कागदी ध्वजापलीकडे मोठ्या माणसांना त्याची फारशी माहिती नसते. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जमा करता येतो.

त्या हवालदाराला मी घरातून निघताना आभाराचे दोन शब्द बोलले, तर तो म्हणाला, "बाई, माझ्या जागी तो असता तर त्यानं बी हेच केलं असतं की." यावर मला काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. तो अजून नोकरीत आहे. बेळगावकडे आपलं दैनिक जातं, त्याच्या वाचनात आलं तर त्याला कळेल की हे त्याच्याबद्दल आहे.

माझं नाव छापू नये, त्यावरून ते घर ओळखू येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा